'लाइफ' की 'लुक'?

चाळीस-पन्नासच्या दशकांतली अमेरिका चाळून बघायची, तर ही दोन मोठ्या आकाराची चित्र-नियतकालिकं हाताशी हवीत. 'लाइफ' हेन्री ल्यूसचं, नोव्हेंबर 1936 पासून दर आठवड्याला; किंमत 10 सेंट. 'लुक' 1937 मध्ये गार्डनर काउल्स यांनी सुरू केलं. ते मूळचं आयोवातलं आणि पुढे पंधरवड्याला निघणारं.

नुसते फोटो बघायचे असतील तर 'लाइफ'ला तोड नाही. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइटनं टिपलेलं मोंटानातलं फोर्ट पेक धरण आहे. चरख्याशेजारी वाचत बसलेल्या गांधीजींचा 1946 चा फोटोही तिचाच. 'लुक'कडेही स्टॅनली कुब्रिक नावाचा, पुढे सिनेदिग्दर्शक म्हणून गाजलेला पोरसवदा फोटोग्राफर होता, पण छपाईची श्रीमंती 'लाइफ'चीच.

मला मात्र 'लुक' जास्त खुणावतं. 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. ज्यूरीनं दोन्ही गोऱ्या आरोपींना सोडलं. जानेवारी 1956 च्या 'लुक'मध्ये त्यांनी पैसे घेऊन खुनाची कबुली दिली! त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालणार नव्हता, म्हणून ही हिंमत. खुन्यांना पैसे देणं मला आजही खटकतं; पण सत्य छापून आलं, हेही खरंच. गोऱ्यांच्या शाळेत निघालेल्या कृष्णवर्णीय चिमुरडीचं, चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं चित्रही 1964 मध्ये 'लुक'नंच छापलं.

टीव्हीनं जाहिराती पळवल्या. 'लुक' 1971 मध्ये बंद पडलं, साप्ताहिक 'लाइफ' 1972 च्या डिसेंबरात.