फार्मिंगच्या भिशीत गेलेले 42,550 रुपये

मी हे लिहू नये, असे घरच्यांचे म्हणणे आहे. चाळिशीच्या माणसाने खेळापायी पैसे घालवले हे चार लोकांना कशाला सांगायचे, असे त्यांना वाटते. परंतु मला फसवणाऱ्या माणसाने आमच्याच भागातील आणखी दोघांना गाठल्याचे मला गेल्या आठवड्यात कळले, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही.

बेळगाव जिल्ह्यात, अगदी सीमेलगतच्या गावात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. दुकान बंद करून जेवण झाल्यावर रात्री साडेनऊ ते साडेअकरा एवढाच वेळ माझा स्वतःचा असतो आणि त्या वेळात मी गेली सहा वर्षे पाथ ऑफ एक्झाइल हा ऑनलाइन व्हिडिओ गेम खेळतो. न्यूझीलंडमधील कंपनीचा 2013 साली आलेला हा खेळ फुकट आहे. त्यात सोन्याच्या नाण्यांऐवजी ऑर्ब नावाच्या, खेळातच मिळणाऱ्या वस्तूंवर व्यापार चालतो आणि मोठे सौदे डिव्हाइन ऑर्ब या मौल्यवान ऑर्बमध्ये होतात. कथेचे दहा अंक संपल्यावर खरा खेळ सुरू होतो, तो अ‍ॅटलस या मोठ्या नकाशावरच्या मॅपचा, म्हणजे राक्षस मारून माल मिळवण्याच्या ठिकाणांचा. सोळाव्या पायरीचे मॅप लावायचे, त्यांत स्कॅरॅब, म्हणजे मिळणारा माल वाढवणाऱ्या वस्तू, घालायचे आणि घातलेल्या खर्चापेक्षा अधिक माल पदरात पाडून घ्यायचा, याला आम्ही फार्मिंग म्हणतो. दोन तासांत एकट्याने ते किती होणार? पार्टीत, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, सहा जण असतील तर माल अधिक पडतो, हे प्रत्येक जुन्या खेळाडूला ठाऊक आहे. त्या माणसाने माझ्या या अडचणीवरच नेमके बोट ठेवले.

एका टेलिग्राम गटात त्याची ओळख झाली. तो खानापूरकडचा असल्याचे सांगत असे आणि बोलणेही तसेच होते. ‘काळजी कशाला करता ओ, मी हाय की,’ हे वाक्य मी त्याच्या तोंडून किमान दहा वेळा ऐकले असेल. त्याने सहा जणांची भिशी काढली. प्रत्येकाने रुपये भरायचे, त्या पैशांतून तो घाऊक ऑर्ब आणि स्कॅरॅब घेणार, दिवसा मोकळे असलेले सभासद पार्टी करून मॅप मारणार आणि पडलेला माल परदेशी खेळाडूंना विकून आलेले पैसे वाटून घ्यायचे. खऱ्या पैशांत असे सौदे करणे खेळाच्या नियमांत बसत नाही, हे मला माहीत होते आणि ती चूक मी नाकारत नाही. पण भिशी आमच्याकडे घरोघरी चालते. माझ्या आईने भिशीच्याच पैशांतून दागिने केले. भिशी म्हटल्यावर संशय येण्याऐवजी विश्वासच वाटतो, आणि म्हणूनच त्याने तो शब्द वापरला असे आता माझे मत झाले आहे.

पहिल्यांदा मी 3,500 रुपये भरले आणि बाराव्या दिवशी 4,200 रुपये परत आले. दुसऱ्यांदा 12,000 भरले, तेव्हा ‘हिस्सा पुढच्या फेरीत फिरवू’ असे त्याने सांगितले. तिसऱ्या फेरीचे 31,250 रुपये मी दोन ग्राहकांकडून आलेल्या पैशांतून दिले. याशिवाय दोन महिने रात्री जागून स्वतः जमवलेले 62 डिव्हाइन ऑर्ब मी त्याच्या हवाली केले, ते वेगळेच. पहिला परतावा नेहमी वेळेवर येतो, हे ध्यानात ठेवा.

आता मला झोपू न देणारी गोष्ट सांगतो. 31,250 रुपये पाठवण्याच्या आदल्या रात्री त्याने आठवड्याच्या कमाईचा म्हणून स्टॅशचा, म्हणजे खेळातील तिजोरीचा, फोटो पाठवला. त्यात 1,140 डिव्हाइन ऑर्ब दिसत होते. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. वरच्या पट्टीतील प्रत्येक कप्प्याच्या नावापुढे ‘रिमूव्ह-ओन्ली’ असे लिहिलेले होते. लीग, म्हणजे काही महिन्यांचा खेळाचा हंगाम, संपल्यावर तिच्यातील कप्पे स्टँडर्ड या कायमच्या विभागात जातात, तेव्हा त्यांच्या नावाला ही शेपटी लागते. त्यांतून माल फक्त काढता येतो, नव्याने ठेवता येत नाही आणि चालू लीगमध्ये तर तो आणताच येत नाही. म्हणजे ती आमच्या भिशीची कमाई नव्हती. कोणाचा तरी जुना साठा होता. ही अक्षरे मी वाचली, त्यांचा अर्थ मला ठाऊक होता, आणि तरीही मी स्वतःची समजूत घातली की घाईत त्याने चुकीचा फोटो पाठवला असेल. दुसऱ्या दिवशी क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर एका बाईचे नाव आले. विचारले तर ‘वहिनीचं खातं हाय’ असे उत्तर मिळाले. पडद्यावरील नाव ओळखीचे नसेल तर पिन टाकू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी टाकू नका.

चार दिवसांनी गट नाहीसा झाला आणि त्याचा फोन बंद झाला. लाजेने मी आणखी तीन दिवस घालवले. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर खात्यातील पैसे गोठवता येतात. मी फोन केला तोपर्यंत ते पुढच्या खात्यांत वळते झाले होते.

त्यानंतर जे झाले त्याचा राग फसवणाऱ्यावरील रागापेक्षा कमी नाही. पहिल्या ठाण्यात ‘खेळातल्या नाण्यांसाठी रडताय?’ असे विचारले गेले. बँकेतून गेलेल्या रुपयांचे विवरण मी समोर ठेवले, तर अशा पैशांच्या खेळांवर बंदी आहे, तुमच्यावरच गुन्हा होईल, अशी भीती घालण्यात आली. 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेला कायदा पैसे लावण्याचे खेळ चालवणाऱ्यांना शिक्षा करतो, खेळणाऱ्याला नव्हे, हे मला त्या क्षणी सांगता आले नाही. दुसऱ्या ठाण्यात खाते महाराष्ट्रातील शाखेचे असल्याचे कारण देऊन मला तिकडे जाण्यास सांगितले. दुकान बंद ठेवून मी कोगनोळीचा टोलनाका ओलांडून पलीकडे गेलो, तर तिथे ‘तुम्ही कर्नाटकचे, तुमच्याकडेच तक्रार द्या’ हे ऐकावे लागले. सीमाभागातील माणसाला ही दोन दारे नवीन नाहीत, सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत आम्ही त्यांच्यामध्येच उभे असतो. पण चोरी झालेल्या माणसालाही तिथेच उभे करावे, याचा संताप येतो. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावी लागते. हे कलम कागदावर लिहून नेल्यावरच चौथ्या खेपेस माझी तक्रार घेतली गेली. पोच कन्नडमध्ये मिळाली. ती शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली तेव्हा 31,250 च्या जागी 3,125 लिहिल्याचे लक्षात आले. सही करण्यापूर्वी आकडे स्वतः तपासा, भाषा येत नसली तरी आकडे वाचता येतात.

प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक वहीत उतरवून ठेवा. गप्पांचे फोटो गट असतानाच काढा. माझ्याकडे अर्ध्याच गप्पा उरल्या आहेत. ऑर्ब परत मिळण्याचा विचार मी सोडला आहे, कारण मीच नियम मोडला असताना खेळाच्या कंपनीकडे कोणत्या तोंडाने जाऊ? दुरुस्त केलेल्या आकड्याची पोच अजून माझ्या हातात आलेली नाही. येत्या सोमवारी तिन्ही व्यवहारांचे विवरण आणि त्या स्टॅशचा फोटो घेऊन मी पाचव्यांदा ठाण्यात जाणार आहे.