कोल्हापुरात लग्न आहे, बाहेरगावच्या पाहुण्यांना ठेवायचं कुठं? स्टेशनजवळ, देवळाजवळ, हायवेला की मंगल कार्यालयातच

लग्न ठरलं की हॉल, आचारी, फोटोवाला सगळं पटापट ठरतं आणि पाहुण्यांच्या राहण्याचा विषय शेवटच्या पंधरा दिवसांवर जातो, तोवर बऱ्या रूम गेलेल्या असतात. कोल्हापुरात तर इतर लग्नवाल्यांपेक्षा अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांचीच गर्दी जास्त. शनिवार-रविवार, नवरात्र, नोव्हेंबरचा किरणोत्सव, नाताळची सुट्टी, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, या दिवसांत साधं लॉजपण रेट चढवतं. तारीख यातली असेल तर पत्रिका छापायला टाकायच्या आधी रूम धरून ठेवा.

सगळ्यात स्वस्त म्हणजे कार्यालयातल्याच खोल्या. दोन्हीकडच्या मंडळींना थोड्याफार खोल्या भाड्यातच मिळतात, वरच्या हॉलमध्ये मंडपवाल्याकडून गाद्या-उशा आणून टाकल्या की पंधरा-वीस पोरं आरामात झोपतात, झोपतात कसली, रात्रभर गप्पा मारतात, आणि लग्नाची खरी मजा तिथंच असते. पण सकाळी सहा ते आठ सगळ्यांनाच अंघोळ करायची असते, बाथरूम दोन-तीन, गरम पाणी पहिल्या दहा जणांत संपतं आणि बायकांना साडी नेसायला दार बंद होणारी खोली मिळत नाही. म्हणून तिथं कॉलेजची पोरं आणि अगदी घरची माणसं ठेवा. मावशी-आत्यांना तिथं ठेवू नका, त्या बोलणार नाहीत पण त्यांचे हाल होतात.

देवळाजवळची धर्मशाळा किंवा भक्त निवास हा दुसरा पर्याय. भाडं कमी, सकाळी उठून चालत दर्शन, म्हाताऱ्या माणसांना यातच समाधान. पण सगळ्याच ठिकाणी एकदम दहा खोल्या आधीपासून धरून देत नाहीत, बऱ्याच ठिकाणी रात्री गेट बंद करायची वेळ असते आणि हळदीचा कार्यक्रम आवरून लोक परत येणार साडेअकराला. त्यात भवानी मंडप, बिंदू चौकाच्या बाजूला गर्दीच्या दिवशी गाडी आत नेणं म्हणजे शिक्षाच. जे मुळात देवीसाठी म्हणून लग्नाला एक दिवस जोडून येणार आहेत अशा दोन-तीन कुटुंबांसाठी मात्र हे एकदम बेस्ट. फक्त लिफ्ट आहे का आणि कमोड आहे का हे फोनवर नीट विचारून घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बहुतेक पाहुण्यांसाठी स्टेशन, सीबीएस (मध्यवर्ती एसटी स्टँड), शाहूपुरी हाच पट्टा. रेल्वेनं येणारे, एसटीनं येणारे दोघंही तिथंच उतरतात, रात्री उशिरापण रिक्षा मिळते, खाली उतरलं की मिसळ-चहा आहे, आणि सगळ्या रेटची लॉज जवळजवळ असल्यानं ऐनवेळी चार माणसं जास्त आली तरी शेजारी सोय होते. यात एक गोष्ट मात्र नक्की तपासा, चेक-इनची वेळ. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी पोचते आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी बारा असलं तर तुमचे पाहुणे बॅगा घेऊन रिसेप्शनवर बसणार नाहीतर आदल्या दिवसाचं भाडं जाणार. २४ तासांचं चेकआउट देणारं, म्हणजे आल्या वेळेपासून दिवस मोजणारं लॉज शंभर-दोनशे महाग असलं तरी अशावेळी तेच स्वस्त पडतं.

हायवेला म्हणजे शिरोली, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव बाजूला रूम नव्या, पार्किंग मोठं, पुण्याहून स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांना सोयीचं. कार्यालयपण त्याच बाजूला असेल तर विचारच करू नका, तिथंच घ्या. पण कार्यालय रंकाळ्याकडं, म्हणजे गावाच्या दुसऱ्या बाजूला, आणि पाहुणे शिरोलीत असं झालं तर हळद, अक्षता, रिसेप्शन मिळून दोन दिवसांत किती फेऱ्या होतील ते मोजा. समजा दहा रूम आहेत आणि एका रूममागं रोज तीनशे वाचले, दोन दिवसांचे सहा हजार झाले, आणि त्याच माणसांना आणायला-सोडायला ट्रॅव्हलर लावली तर तेवढे पैसे तिथंच जाणार, वर पोरांपैकी कुणीतरी दोन्ही दिवस ड्रायव्हरला फोन करत फिरणार ते वेगळंच. रूमचं भाडं एकटं बघून कधीच ठरवू नका.

लहान बाळ असलेलं कुटुंब असेल तर फर्निश्ड फ्लॅट बरा, दूध-खिमटी करायला गॅस मिळतो.

पैशाचं बोलायचं तर ऑनलाइन ॲपवर रेट बघा पण आठ-दहा रूम घ्यायच्या असतील तर स्वतः जाऊन मालकाशी बोला, कोल्हापुरात समोर बसून बोललं की माणूस कमी करतो. जीएसटी धरून किती ते विचारा, सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमला ५ टक्केच आहे, आधी १२ होता, म्हणजे १,५०० ची रूम १,५७५ ला पडते. तिसऱ्या माणसाच्या गादीचे किती, गरम पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि दोन रूम कमी लागल्या तर कुठल्या तारखेपर्यंत सोडता येतील, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. परदेशी पासपोर्टवाला कुणी येणार असेल तर त्याची माहिती हॉटेलला ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवावी लागते, लहान लॉज बऱ्याचदा तयार होत नाहीत, त्यामुळं त्या एका रूमसाठी आधीच वेगळं बघून ठेवा.

आणि आधार कार्डांचे फोटो आठवडाभर आधी मागवून, कोण कुठल्या रूममध्ये ते लिहून काउंटरवर देऊन टाका, आणि चाव्यांची जबाबदारी लग्नघराबाहेरच्या कुणावर तरी, एखाद्या मित्रावर द्या, कारण नवरीच्या भावाला त्या दिवशी फोन उचलायला वेळ नसतो.