राजेशाहीवरची वादविवाद पुस्तिका: घ्या, पण खर्चाचं पान दुरुस्त करून

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभ्यासिकांशेजारच्या झेरॉक्स दुकानांत एक स्पायरल केलेली पुस्तिका मिळते. विषय : 'आधुनिक लोकशाहीत घटनात्मक राजेशाही असावी का?', म्हणजे राजा नावापुरता प्रमुख आणि कारभार निवडलेल्या सरकारचा, ही पद्धत. पानं ६४, किंमत ८० रुपये. निम्मी पानं अनुकूल, निम्मी प्रतिकूल. कॉलेजची वादविवाद स्पर्धा आणि स्पर्धा परीक्षेचा निबंध, दोन्हीकडे चालावी अशी बांधणी. टाईप मोठा आहे, समासात टिपणं काढायला जागा आहे. पण मजकुरात तीन ठिकाणी अशी गफलत आहे की समोरचा वक्ता तयारीचा असेल तर मुद्दा स्टेजवरच कोसळेल.

आधी जमलेलं सांगायला हवं. 'राजाने सही नाकारली तर?' हे प्रकरण फार चांगलं उतरलंय. १९९० मध्ये बेल्जियमचे राजे बोदुअँ यांनी संसदेने मंजूर केलेल्या गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला नकार दिला. मंत्रिमंडळाने ४ एप्रिलला राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी संसदेने राजाचे अधिकार त्याला परत दिले. लक्झेंबर्गमध्ये २००८ साली ग्रँड ड्यूक हेन्री इच्छामरणाच्या कायद्यावर अडले. तिथे पळवाट शोधली नाही, घटनाच बदलली : ग्रँड ड्यूक आता कायद्याला मंजुरी देत नाहीत, फक्त तो जारी करतात. पुस्तिकेने ही दोन उदाहरणं समोरासमोर छापली आहेत आणि वादाचं खरं मर्म तिथेच आहे. राजाच्या हातात कोणता अधिकार उरलाय, तो कुठे लिहिलाय आणि राजा अडून बसला तर पेच सोडवायचा कसा, एवढं ज्याला सांगता येतं त्याला परीक्षक गुण देतातच.

म्हणून स्वीडनला दोनच ओळी मिळाल्याचं वाईट वाटतं. १ जानेवारी १९७५ पासून तिथे नवी राज्यघटना लागू आहे. पंतप्रधानाचं नाव संसदेचा सभापती सुचवतो. ३४९ पैकी १७५ सदस्यांनी विरोध केला तरच ते नाव पडतं. राजाचा त्यात कुठेच संबंध नाही, कायद्यांवर त्याची सहीही लागत नाही. अनुकूल बाजू घेणाऱ्याने भाषणाचा कणा म्हणून हेच घ्यावं. ब्रिटनचं उदाहरण पुढे केलंत की प्रतिपक्षाच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

आता गफलती. पान २२ वर ब्रिटनच्या राजघराण्याचा खर्च 'क्राउन इस्टेटच्या (राजगादीच्या नावावरच्या मालमत्तेच्या) नफ्याच्या २५ टक्के' दिलाय. हा दर जुना झाला. २०११ च्या कायद्याने १५ टक्के ठरले होते, बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीसाठी २०१७-१८ पासून ते २५ केले, आणि २०२४-२५ पासून १२ टक्के आहेत. इथेच मुलं फसतात : दर निम्म्यावर आला म्हणजे खर्च कमी झाला, असं ठोकून देतात. प्रत्यक्षात समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भाडेपट्ट्यांमुळे नफा इतका वाढला की ८ कोटी ६३ लाख पौंडांवरून अनुदान २०२५-२६ ला १३ कोटी २१ लाख पौंडांवर गेलं. शिवाय सुरक्षेचा खर्च या आकड्यात धरलेलाच नाही. आणि 'ही राजाची खासगी मालमत्ता आहे' हे वाक्य तर खोडूनच टाका. १७६० साली तिसऱ्या जॉर्जने तिचं उत्पन्न सरकारला दिलं, तेव्हापासून तो पैसा सरकारी तिजोरीत जातो.

दुसरी गफलत 'राजा फक्त शिक्का मारतो' या वाक्याची. ब्रिटनमध्ये कायद्याला मंजुरी शेवटची १७०८ मध्ये नाकारली गेली, हे पुस्तिकेत बरोबर आहे. पण ११ नोव्हेंबर १९७५ ला ऑस्ट्रेलियात ब्रिटनच्या राणीचे प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर जनरलांनी निवडून आलेल्या पंतप्रधान व्हिटलॅम यांना घरी पाठवलं. अधिकार कागदावर झोपलेला असतो, कधीतरी कुणी तो उठवतो. उलट २०१९ मध्ये संसद स्थगित करण्याचा पंतप्रधानांचा चुकीचा सल्ला ब्रिटनच्या राणीला थोपवता आला नाही. ते काम सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी २४ सप्टेंबरला एकमताने केलं. आपल्याकडे राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे, हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लिहून टाकलं, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला परत पाठवायची मुभा दिली. ही तुलना पुस्तिकेत असायलाच हवी होती.

तिसरी गफलत ऑस्ट्रेलियाच्या १९९९ च्या, राणीऐवजी राष्ट्राध्यक्ष हवा का या सार्वमताची. 'लोकांना राणी हवी होती' असं सरळ छापलंय. सुमारे ५५ टक्के मतं विरोधात पडली हे खरं. पण संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष, असा प्रस्ताव होता, आणि राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असं म्हणणाऱ्या कित्येक प्रजासत्ताकवाद्यांनीही विरोधात मत दिलं. प्रतिकूल बाजूने बोलताना पर्यायी पद्धत आधी सांगा, नाहीतर हाच खड्डा तुमच्यासाठीही आहे.

नेपाळचं पान ठीक आहे : १ फेब्रुवारी २००५ ला राजाने सत्ता हातात घेतली, २८ मे २००८ ला संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. तेवढं पुरे.

सगळ्यात मोठी उणीव मात्र घराजवळची. खानदेशात विकली जाणारी पुस्तिका आणि त्यात डांग नाही! साक्री-नवापूरच्या पलीकडचा, आता गुजरातेत असलेला हा मुलूख इंग्रजी अमलात एकेकाळी खानदेशच्या कलेक्टरकडे होता. आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि गाढवी, आमाला, लिंगा, वासुर्णा, पिंपरी इथल्या पाच भिल्ल राजांना सरकार जाहीर मान देऊन पेन्शन देतं. तिचं मूळ इंग्रजांनी जंगलासाठी केलेल्या करारांत आहे. दुसरीकडे मोठ्या संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाली. म्हणजे राजाचा मान वेगळा आणि सत्ता वेगळी, ही गाठ आपल्या शेजारीच सोडवलेली आहे. आमच्या मते राजेशाही ठेवायचीच तर ती स्वीडनसारखी, सगळे अधिकार लेखी काढून घेऊन. जिथे ती रूढीवर सोडली आहे तिथे आपल्यासारखा निवडलेला राष्ट्रपती बरा.

पुस्तिका घ्यायला हरकत नाही. विकत घेतल्यावर पान २२ वरचे आकडे आधी दुरुस्त करा, स्वीडनच्या दोन ओळी समासात वाढवा. शेवटचं पान कोरं सोडलंय. डांगचा परिच्छेद तिथे बरोबर मावतो.