पीसीओएस ‘मुळापासून बरा’ करून देणाऱ्या पॅकेजचा अनुभव

पीसीओएसचं, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या एका बिघाडाचं, निदान नुकतंच झालेल्या बायकामुलींसाठी हे लिहितेय. त्या सुरुवातीच्या दिवसांत डोक्यात प्रश्न शंभर असतात आणि उत्तर द्यायला कुणालाच सवड नसते. नेमक्या त्याच दिवसांवर डोळा ठेवून काही लोकांचा धंदा चालतो. मला ज्यांनी फसवलं त्यांनी विकलेलं सगळंच खोटं होतं असं नाही. पावडर आली, कॅप्सूल आल्या, डाएटचा तक्ताही वेळेवर आला. फसवणूक होती ती हिशेबात. काही चांगलं घडलं तर ते त्यांच्यामुळे आणि बिघडलं तर माझ्यामुळे, अशी सोय पहिल्या दिवसापासून करून ठेवलेली होती.

माझी पाळी कधी दीड महिन्याने यायची, कधी तीन महिने यायचीच नाही. हनुवटीवर राठ केस यायला लागले होते. डॉक्टरांनी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं आणखी एक हार्मोन) तपासून ते ठीक असल्याची खात्री केली, सोनोग्राफी केली आणि पीसीओएस असल्याचं सांगितलं. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन्स वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं विशिष्ट चित्र, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही की हे निदान होतं. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे वाढ अर्ध्यावर थांबलेल्या अंड्यांच्या बारीक पिशव्या असतात, त्या काढायच्या नसतात, हेही त्यांनी समजावलं. पाळी बरेच दिवस आली नव्हती म्हणून प्रोजेस्टेरॉन हार्मोनच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला. गोळ्या संपल्या की काही दिवसांत पाळी येईल, म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शेवटी ‘आहार सांभाळा, चालणं वाढवा’ म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक गेली.

आहार सांभाळायचा म्हणजे नक्की काय करायचं? हा प्रश्न घेऊन मी घरी आले आणि फोनवर शोधत बसले. दोन दिवसांत फोनभर जाहिराती. ‘गोळ्यांशिवाय पीसीओएस मुळापासून रिव्हर्स करा.’ मोफत सल्ल्याचा कॉल होता, तो घेतला.

पलीकडची बाई गोड बोलणारी. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली होती, हिने तासभर ऐकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर पॅकेज तिथेच विकलं गेलं. झोप कशी आहे, केस किती गळतात, घरी कोण काय बोलतं, सगळं विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘डिअर, मुलांचा विचार कधी करतेयस?’ मी अजून ठरवलं नाही म्हटल्यावर नुसताच एक सुस्कारा. त्यानंतर डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे नुसती मलमपट्टी, हार्मोन्स आणखी बिघडतात, वगैरे. या बॅचमध्ये दोनच जागा उरल्यात आणि सवलत आज रात्रीपर्यंतच आहे, हेही झालं. शिवाय हमी होती: फरक पडला नाही तर पूर्ण पैसे परत.

पैसे भरल्यावर कळलं की डाएट सुरू करण्याआधी एक ‘फूड इनटॉलरन्स टेस्ट’ करावी लागते, तिचे पैसे वेगळे. बोट टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतले आणि पाठवून दिले. रिपोर्ट दिसायला एकदम भारी: पदार्थांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल पट्टा. माझ्या लाल रकान्यात गहू, दूध, अंडी. म्हणजे मी रोज खात होते नेमकं तेच. तेव्हा वाटलं, बघा, रोज विष खात होतो आपण! ही टेस्ट रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटिबॉडी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची प्रथिनं, मोजते. आपण जे वारंवार खातो त्याच्या आयजीजी निरोगी माणसातही सापडतात. शरीराने तो पदार्थ पाहिलाय, एवढाच त्याचा अर्थ. अन्न सोसत नाही हे ठरवायला ही टेस्ट वापरू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच स्पष्ट केलेलं आहे. रोजचं सगळं लाल झालं की खायला काय उरतं? त्यांची पावडर. तीही अर्थातच वेगळ्या पैशात.

पावडरच्या डब्यावर घटकांची नावं होती, पण कुठला घटक किती ते नव्हतं, नुसतं ‘विशेष मिश्रण’. सोबत केसांसाठी कॅप्सूल. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

आता त्या गोळ्या. डॉक्टरांनी दिलेला कोर्स संपला आणि त्याच सुमारास पॅकेज सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात पाळी आली, यायचीच होती. मी पॅकेजमधल्या माझ्या कोचला साधेपणाने कळवलं, तर तिने ग्रुपवर फटाकेच उडवले. ‘पहिल्याच आठवड्यात पाळी!’ त्याखाली माझं नाव, हृदयं, टाळ्या. मी तिला वेगळा मेसेज करून सांगितलं की मॅम, ही गोळ्यांमुळे आलीय, डॉक्टरांनी आधीच तसं म्हटलं होतं. तिचं उत्तर होतं, ‘अगं, शरीर आतून तयार नसतं ना, तर गोळ्यांनीही आली नसती.’ यावर काय बोलणार? पुढच्या आठवड्यात माझ्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट त्यांच्या जाहिरातीत होता. गोळ्यांचं वाक्य अर्थातच कापलेलं.

ही युक्ती पीसीओएसमध्ये इतकी चालते याला कारण आहे. या आजारात अंडं कधीच तयार होत नाही असं नसतं. मध्येच एखाद्या महिन्यात आपोआप होतं आणि पाळी येते, मग पुन्हा दोन महिने पत्ता नाही. त्यामुळे ग्रुपमध्ये शंभर बायका असतील तर कुठल्याही महिन्यात त्यातल्या काहींची पाळी येणारच, त्यांनी पावडर घेवो न घेवो. त्या ‘सक्सेस स्टोरी’ होतात. बाकीच्या गप्प असतात, किंवा गप्प केल्या जातात. सोनोग्राफीचे आधी-नंतरचे फोटो दाखवतात त्यांचंही तेच. पिशव्यांची मोजणी मशीन आणि तपासणारी व्यक्ती बदलली तरी बदलते.

पुढच्या महिन्यात माझी पाळी आली नाही. ‘काय खाल्लंस?’ हा पहिला प्रश्न. नियम असा होता की पहिला घास घेण्याआधी प्रत्येक ताटाचा फोटो त्यांच्या ॲपवर टाकायचा. तिने माझे जुने फोटो उकरले आणि एका समारंभातल्या ताटाचा फोटो परत पाठवला, त्यात गोडाच्या वाटीभोवती लाल गोल काढलेला. खाली लिहिलेलं, ‘ही बघ तुझी पाळी इथे अडकलीय.’ वाटीत जेमतेम दोन चमचे असतील. मी तो फोटो रात्री कितीदा तरी मोठा करून पाहिला. त्यानंतर जेवताना कुणी समोर असलं की मला घास उतरेना. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये खाण्याशी बिघडलेलं नातं, नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, म्हणून डॉक्टरांनी त्याचीही विचारपूस करावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय. इथे पैसे घेऊन तेच नातं बिघडवणं चालू होतं.

तक्त्यात खाणं इतकं कमी होतं की दुपारनंतर हातापायातलं बळ जायचं. तक्रार केली की ‘डिटॉक्स चालू आहे’. वजन आधी भराभर उतरलं, मग थांबलं. फार कमी खाल्लं तर मेंदूकडूनच अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात आणि त्यानेही पाळी थांबते. म्हणजे पाळी आणायला घेतलेलं डाएटच पाळी अडवू शकतं, आणि तसं झालं तर दोष माझ्या गोडाच्या वाटीला.

पैशांपेक्षा मला जास्त राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. पाळी लांबत चालली तशी मी डॉक्टरांकडे जाते म्हणाले, तर कोच म्हणाली, ‘आता गोळ्या घेतल्यास तर सगळी मेहनत वाया. नैसर्गिकरीत्या येऊ दे.’ पाळी 90 दिवसांपेक्षा जास्त लांबली तर डॉक्टरांना दाखवावं. अंडं तयार होत नसताना गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहू शकतं आणि त्यातून पुढे पेशींमध्ये बदल होण्याचा, अगदी कर्करोगाचाही धोका वाढतो. ज्या गोळ्यांना ती मलमपट्टी म्हणत होती त्या या अस्तरासाठी असतात. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस डाएट विकत असो की आणखी काही, तिथून उठून यावं.

केसांच्या कॅप्सूलचा किस्सा तर वेगळाच. मधल्या काळात मी पुन्हा रक्त तपासलं तर थायरॉईडच्या आकड्यांपैकी टीएसएच खाली आणि टी4 वर. कोचने रिपोर्ट पाहिला आणि लगेच, ‘बघ, थायरॉईडही बिघडला, आपलं थायरॉईड ॲड-ऑन घ्यावं लागेल.’ यावेळी मी आधी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बघून एकच विचारलं, केसांसाठी काही घेतेस का? कॅप्सूलमध्ये बायोटिन या ब जीवनसत्त्वाचा मोठा डोस होता. जास्त बायोटिन काही लॅबच्या तपासणी पद्धतीत गडबड करतं आणि थायरॉईडच काय, इतर हार्मोन्सचेही आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. कॅप्सूल काही दिवस बंद ठेवून पुन्हा तपासलं, थायरॉईड व्यवस्थित. त्यांच्याच कॅप्सूलने तयार केलेला आजार ते मलाच विकायला निघाले होते! कुठलीही पावडर, कॅप्सूल, काढा चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, डबाच घेऊन जा.

मग डॉक्टरांनी मला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. हे पहिल्याच भेटीत झालं असतं तर बरं झालं असतं, हे मी त्यांनाही बोलले. त्या बाईंनी तासाभरात जे सांगितलं त्यात विकण्यासारखं काहीच नव्हतं. पीसीओएससाठी एखादं ठरावीक डाएट इतरांपेक्षा सरस ठरलेलं नाही, 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. सीलिॲकसारखा, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा, आजार असल्याशिवाय गहू सोडायचं कारण नाही, दुधाचा त्रास होत नसेल तर दूधही नाही. पुष्कळ जणींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग इन्सुलिन वाढतं आणि ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन्स जास्त बनवायला लावतं. म्हणून प्रत्येक जेवणात प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ हवेत, गोड पेयं कमी, जेवण टाळायचं नाही, आणि हे वर्षानुवर्षं जमेल इतपतच बदलायचं. आठवड्याला किमान 150 मिनिटं घाम येईल असा व्यायाम, त्यात दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी काहींची पाळी सुधारते. सडपातळ बायकांनाही पीसीओएस असतो, त्यांनी उपाशी राहून काही मिळत नाही. पीसीओएससाठी घेतल्या जाणाऱ्या इनॉसिटॉल या सप्लिमेंटबद्दल विचारलं तर म्हणाल्या, पुरावा मर्यादित आहे, घ्यायचं तर डॉक्टरांना सांगून घे. आणि मुळापासून बरा वगैरे काही होत नाही, आटोक्यात राहतो. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मात्र अधूनमधून बघत राहायचं.

राहिली पैसे परतीची हमी. मी मागितल्यावर अटींमधलं एक कलम पुढे आलं: एकाही जेवणाचा फोटो चुकला असेल तर हमी रद्द. आजारी पडले होते तेव्हाचे फोटो नव्हते. शिवाय पॅकेज आपोआप पुढे वाढतं हेही तिथेच बारीक अक्षरात, आणि कार्डातून पुढचा हप्ता कापलाही गेला होता. मी जरा आवाज चढवल्यावर ग्रुपमधून काढलं आणि ॲपचं लॉगिन बंद केलं. सगळे फोटो, बोलणं, अटी त्या ॲपमध्येच.

बँकेकडे तक्रार केली तेव्हा आपोआप कापलेल्या हप्त्याचे पैसे परत मिळाले, कारण पॅकेज पुढे नको असल्याचं मी आधी ईमेलने लिहिलेलं होतं. मूळ रकमेचे मिळाले नाहीत, हमी तोंडी कशी सांगितली होती याचा पुरावा माझ्या हातात नव्हता. तुम्ही अशा कुठल्या पॅकेजमध्ये अडकला असाल तर पैसे परत मागण्याआधी जाहिरातीचे, अटींचे, चॅटचे आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनवर काढून ठेवा, कार्डावरची आपोआप हप्त्याची परवानगी बँकेतून बंद करा, आणि मगच त्यांना कळवा. तेही ॲपमधून नको, ईमेलने.