नागपुरातल्या एए मीटिंगा : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगून टाकतो. एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंगमधल्या दीड तासापेक्षा जास्त कामाला येतात ते तिथून खिशात घालून आणलेले चार फोन नंबर. आठ महिने, आठवड्यातून तीनदा, वेगवेगळ्या गटांत बसून झालेलं हे मत आहे.

पण त्याआधी एक गोष्ट. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, तर दारू एकदम तोडून थेट मीटिंगला जाऊ नका. शेवटच्या पेगनंतर 6-8 तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास, बरळणं सुरू होऊ शकतं. यात जीव जातो. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, या सरकारी रुग्णालयांपैकी जवळ असेल तिथली मानसोपचाराची ओपीडी आधी गाठा आणि रोज किती पितो ते खरं सांगा, कारण औषधाची मात्रा त्यावरच ठरते. फिट आली किंवा बरळणं सुरू झालं तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

गट शोधायला एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार यादी आहे. 14446 ही केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन. तिथे समुपदेशन मिळतं, केंद्रांची माहितीही मिळते. यादीवर विसंबून निघू नका, आधी फोन करा. गट बहुधा शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत भरतात. परीक्षा, सुट्ट्या, सण आले की खोली किंवा वेळ बदलते. बाहेर पाटी असेलच असं नाही, म्हणून फाटक कोणतं, जिना कोणता हेही विचारून घ्या. सभा खुली आहे की बंद, हेही विचारा. खुल्या सभेत घरचे किंवा कोणीही बसू शकतं. बंद सभा फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी.

गट निवडताना घराजवळचा बघण्यापेक्षा तुमच्या पिण्याच्या वेळेला भरणारा बघा. कामावरून सुटून सीताबर्डीला मेट्रो बदलताना पाय बारकडे वळत असतील, तर संध्याकाळी त्याच वाटेवर भरणारा गट घ्या. रविवार सकाळचा गट चांगला असतो, सगळे नंतर तर्री पोहे खायला जातात, पण तो शनिवारची रात्र सांभाळत नाही.

आत गेल्यावर फक्त पहिलं नाव सांगायचं. बोलायची सक्ती नाही. एकजण बोलतो तेव्हा बाकीचे मध्ये तोंड घालत नाहीत, सल्लेही देत नाहीत. फी नसते, शेवटी डबा फिरतो, त्यात दहा-वीस रुपये टाका किंवा टाकू नका. कोणी भरतीचे पैसे मागितले तर ते व्यसनमुक्ती केंद्र आहे, एए नव्हे.

आता नंबरांचं. पहिल्याच दिवशी चार जणांचे घ्या, आणि तलफ नसताना एकदा लावून बघा. ‘भाऊ, मी काल मीटिंगमध्ये नवीन होतो, नंबर बरोबर आहे का बघतो’ एवढं बोलणं पुरे. हे केलं नाही तर ऐन वेळी अनोळखी नंबर लावायला बोट धजत नाही. तलफेची लाट साधारण 15-20 मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ कोणी फोनवर धरून ठेवणारं लागतं. स्पॉन्सर, म्हणजे तुम्हाला सोबत करणारा गटातला जुना सदस्य, मात्र घाईने ठरवू नका. किमान वर्षभर सोबर (दारूपासून दूर) असलेला आणि तुमच्याशी पैशाचा व्यवहार नसलेला माणूस बघा.

कमतरता आहेत. काही गटांत एकच ज्येष्ठ अर्धा तास खातो. बायका फार कमी दिसतात. नवीन बाईने आधी फोनवर एखाद्या सोबर बाईचा नंबर मागावा. मेमध्ये 45 अंशांत कूलर नसलेल्या खोलीत बसणं कठीण जातं आणि गळती तेव्हाच होते.

प्रार्थनेवरून अडणारे बरेच आहेत, आणि त्यांचं अडणं खोटं नाही. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडण्याच्या बारा टप्प्यांत, ‘आपल्याला समजलेला परमेश्वर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पंचशील मानणाऱ्या घरातून आलेल्याला ते परके वाटतात. पण सुरामेरयापासून, म्हणजे मद्यापासून, दूर राहण्याचं पाचवं शील त्याला लहानपणापासून पाठ असतं, आणि अनेकजण देवाच्या जागी गटालाच ठेवून पुढे जातात. एएत त्याला आडकाठी नाही.

घरच्यांनी ‘तो आत काय बोलला’ हे विचारायला गटात फोन करू नये. त्यांच्यासाठी अल-अॅनॉन हे घरच्यांचे गट वेगळे आहेत. आणि भाजीत गुपचूप औषध मिसळणं तर नकोच. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध पोटात असताना दारू गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत तो धोका राहतो.

सणांचं नियोजन आठवडाभर आधी करा. पोळ्याची कर, धुळवड, लग्नाची वरात आणि मित्रांचं ‘चल, नुसतं सावजी खाऊ’ या घसरण्याच्या चार जागा. करीच्या दिवशी मीटिंग आहे का ते आदल्या मीटिंगमध्येच विचारून ठेवा. नसेल तर संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत कोण कोणाला फोन करणार, ते तिथेच वाटून घ्या.