वॉरंटी संपली, आता गाडी कुठं न्यायची? कंपनीचं सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज

नाशिकच्या भाच्याचा फोन आला होता. "मामा, वॉरंटी पंधरा दिवसांत संपतीये. एक्स्टेंडेड घेऊ, की तुझ्यासारखं बाहेर करायला लागू?" त्याची गाडी 2022 ची, टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. माझी 2015 ची डिझेल हॅचबॅक, पाच गिअरची, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. पहिली चार वर्षं ती फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. त्यानंतर वारज्यातल्या एका मिस्त्रींकडे जाते, आणि काही कामांना अजूनही कंपनीत. दोन्हीकडची बिलं मी एका फायलीत लावून ठेवली आहेत. भाच्याला फोनवर उत्तर देताना ती फाइल मांडीवर होती. तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. वॉरंटी चालू असेल तर हा प्रश्नच नाही. गाडी कंपनीत न्या, वेळेवर न्या, बिलं जपा. पुढचं सगळं वॉरंटी संपलेल्या किंवा संपत आलेल्या गाडीबद्दल आहे.

एकच काम, दोन एस्टिमेट

नव्वद हजार किलोमीटरच्या आसपास माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून स्पीडब्रेकरवर टकटक यायला लागली. सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट आलं 11,800 रुपये: दोन्ही बाजूंचे लोअर आर्म (चाकाला खालून धरून ठेवणारे दांडे), लिंक रॉडची जोडी, अलाइनमेंट. मिस्त्रींनी चाक काढलं, टॉमी घालून आर्म हलवून दाखवला आणि म्हणाले, "साहेब, आर्मला काही झालेलं नाही. बुश फाटलाय." बुश, म्हणजे आर्मच्या जोडातले रबर, प्रेसवर नवे बसवले, लिंक रॉड नवीन टाकले, 4,300 मध्ये गाडी गप्प झाली.

हा फरक फक्त मजुरीचा नाही, आणि गाडी बाहेर न्यायची की नाही हे ठरवताना तोच सगळ्यात आधी समजून घ्यायला हवा. कंपनीची पद्धत अख्खी असेंब्ली बदलण्याची. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करत नसेल तर अल्टरनेटर नवा, स्टार्टर फिरत नसेल तर स्टार्टर नवा. बाहेर वायरमन अल्टरनेटर उघडतो, कार्बन किंवा बेअरिंग बदलतो आणि तोच परत बसवतो. असेंब्ली बदलली की काम पटकन होतं, सगळं एका वयाचं असतं आणि नव्या भागाला हमी मिळते. आतला छोटा भाग बदलला की पैसे वाचतात, पण बाकीचा भाग जुनाच राहतो. माझ्याकडे तेच झालं. बुश बसवून पस्तीस हजार किलोमीटर झाले तेव्हा त्याच आर्मचा बॉल जॉइंट गेला. मग आर्म बदललाच, मजुरी दुसऱ्यांदा दिली, अलाइनमेंट दुसऱ्यांदा केलं. सगळं धरून बाहेरचं काम तरीही स्वस्तात पडलं, पण सुरुवातीला वाटलं होतं तेवढं नाही.

म्हणून मी आता हिशेब असा करतो: गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर बुश. सात-आठ वर्षं ठेवायची असेल तर कंपनीच्या डब्यातला आर्म विकत आणायचा आणि मिस्त्रींकडून बसवून घ्यायचा. हा तिसरा रस्ता बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पुण्यात नाना पेठेत उभं राहिलं की गाडीच्या कंपनीच्या नावाच्या डब्यात, पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेला भाग मिळतो. शिवाय क्लच, फिल्टर, बेअरिंग असे कितीतरी भाग गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. व्हॅलिओ, लुक, बॉश यांच्यासारखे पुरवठादार ते बनवतात आणि बाजारात स्वतःच्या डब्यातही विकतात, बहुतेक वेळा कमी किमतीला. पार्ट नंबर जुळवून घेतला तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. डुप्लिकेट माल मात्र वेगळी गोष्ट. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंगच्या भागांत स्वस्ताच्या नादी कधीच लागू नका. कपलिंगचा रबर किंवा आरशाची काच लोकल चालेल, ब्रेक पॅड नाही.

सुटे भाग बाहेर मिळणं ही आपल्याकडे आपोआप झालेली सोय नाही, हेही लक्षात असू द्या. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो यावरूनच. अस्सल सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाचा वाद पुढं अपिलात गेला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) नावाचं पोर्टलही सुरू केलं. सुटे भाग आता बऱ्यापैकी मिळतात. साधनांच्या बाबतीत मात्र अजून खूप अंतर आहे, आणि भाच्याची गाडी नेमकी तिथंच अडते.

कॉम्प्युटरचं काम

मिस्त्रींकडे स्कॅनर आहे. चेक इंजिनचा दिवा लागला की ते कोड वाचतात, सेन्सर बदलतात, दिवा घालवतात. माझ्या गाडीसाठी तेवढं पुरतं. पण नवी चावी गाडीला ओळखायला लावणं, गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट करणं, क्लच बदलल्यावर कॉम्प्युटरला नवा बाइट पॉइंट (क्लच जिथं पकड घेतो ती जागा) शिकवणं, या कामांना बहुतेक वेळा कंपनीचं स्वतःचं साधन लागतं. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट गेला तर येणारा खर्च कुठल्याही एक्स्टेंडेड वॉरंटीच्या हप्त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. शहरात रांगत्या ट्रॅफिकमध्ये या प्रकारचा क्लच सतत घासतो आणि तापतो, म्हणून नाशिक-मुंबई करणाऱ्यापेक्षा रोज शहरातच चालवणाऱ्याने जास्त सावध राहावं. अशा गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी मी डोळे झाकून घेईन. ती मूळ वॉरंटी संपायच्या आत घेतलेली बरी, नंतर अटी वाढतात किंवा मिळतच नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात: नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजची, केबल दिसली की ज्याला त्या कामाचं प्रशिक्षण नाही त्याने हात लावू नये. आज तरी ती कंपनीतच.

गाडी कोणाशी बोलते

इथं माझा कल लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीत साठच्या पुढं गुणगुण सुरू झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये मी अ‍ॅडव्हायझरला नीट समजावून सांगितलं: उजवीकडं वळताना आवाज वाढतो, डावीकडं कमी होतो. त्याने शांतपणे ऐकलं आणि जॉब कार्डवर दोन शब्द लिहिले, "नॉइज चेक". ज्याने प्रत्यक्ष गाडी पाहिली त्या मुलापर्यंत वळणाची गोष्ट पोचलीच नाही. संध्याकाळी उत्तर आलं, टायर झिजलेत, चारही बदला.

मिस्त्री माझ्या शेजारी बसले. चांदणी चौकापर्यंत गेलो आणि आलो. उजव्या वळणावर त्यांनी फक्त मान हलवली. "डावं पुढचं बेअरिंग." उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर येतो, खराब बेअरिंग तेव्हाच ओरडतं. टायर त्यानंतर आणखी अठरा हजार किलोमीटर चालले.

त्या अ‍ॅडव्हायझरला दोष द्यायचा नाहीये. दिवसाला पंधरा-वीस गाड्या घेणाऱ्या माणसाकडून प्रत्येक गाडीचा आवाज डोक्यात ठेवण्याची अपेक्षा धरता येत नाही. रचनाच तशी आहे, गाडीवर काम करणारा काचेपलीकडं असतो. तुम्ही गाडीत रस घेणारे असाल, तिचं काय दुखतंय हे तुम्हाला कळत असेल, तर ते ऐकणारा माणूस थेट समोर असणं याची किंमत मोठी आहे. आणि गाडी तुमच्यासाठी फक्त ऑफिसला न्यायचं साधन असेल, सकाळी चावी देऊन संध्याकाळी धुतलेली गाडी हवी असेल, तर कंपनीची व्यवस्था तुमच्यासाठी सोयीची आहे. पिकअप-ड्रॉप, मेसेज, पक्कं बिल, चुकलं तर तक्रार करायला एक जागा.

चुका दोन्हीकडं होतात

एका सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बदलल्यावर तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये काळे थेंब दिसले. ड्रेन बोल्ट इतका आवळला होता की संपचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचे, आटे गेले होते. "तो आधीपासूनच तसा होता," असं सांगण्यात आलं. मिस्त्रींनी नवे आटे पाडून मोठा बोल्ट बसवला.

उलट बाजूची गोष्ट एका दुसऱ्या गॅरेजची. तीन उन्हाळे ओळीने तिथं एसीचा गॅस भरला. दरवर्षी मार्चमध्ये थंड, मे संपेपर्यंत गरम. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतोय. शेवटी सर्व्हिस सेंटरमध्ये गॅसमध्ये डाय (चमकणारा रंग) टाकून दिवा मारला तेव्हा कंडेन्सरच्या जोडावर गळती सापडली. तीन वेळच्या गॅसच्या पैशात ते काम पहिल्याच वर्षी झालं असतं.

ऑइलबद्दल गॅरेजवर आंधळा विश्वास ठेवू नका, मिस्त्री कितीही जवळचे असले तरी. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचा सीलबंद कॅन स्वतः घेऊन जा. बीएस-सिक्स डिझेल असेल, म्हणजे एप्रिल 2020 नंतरची गाडी, तर हे फारच महत्त्वाचं. तिच्या डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. साधं डिझेल ऑइल घातलं तर गाडी चालते, पण राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती जाळून जात नाही.

कंपनीत सावध राहायची जागा वेगळी: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्ट, कोटिंग. मी एकच प्रश्न विचारतो, "हे मॅन्युअलच्या तक्त्यात आहे का?" नसेल तर नको. याला एक अपवाद आहे. तुम्ही रत्नागिरी-मालवणकडं राहत असाल तर खाऱ्या हवेत खालच्या पत्र्याचं कोटिंग कामाचं आहे. फक्त पत्रा धुऊन पूर्ण सुकल्यावरच करायला सांगा, नाहीतर चिखल आणि ओल आतच कोंडली जाते.

आणि जी गोष्ट करायलाच हवी ती दोन्हीकडं राहून जाते: ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-4 ग्रेडचं नवं ब्रेक ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना, गाडी भरलेली, पाय सतत ब्रेकवर, अशा वेळी ऑइलमध्ये वाफ झाली तर पेडल थेट खाली जातं. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि दर दोन वर्षांनी हे ऑइल बदला. खर्च एका मोठ्या जेवणाइतका आहे.

बाकी थोडक्यात

अपघात झाला, पत्रा-रंगाचं मोठं काम निघालं, तर कंपनी. विम्याचं कॅशलेस तिथं सरळ होतं आणि रंगाची छटा जुळते. रिकॉल असेल, म्हणजे दोष निघाल्याने कंपनीने स्वतःच गाड्या परत बोलावल्या असतील, तर अर्थातच कंपनी. गाडी बाहेर सर्व्हिस होत असली तरी कंपनीच्या साइटवर चॅसी नंबर टाकून वर्षातून एकदा पाहत जा, रिकॉलच्या कामाचे पैसे पडत नाहीत. विकताना कंपनीची नोंद नक्की मोलाची ठरते. पण तारीख आणि किलोमीटर लिहिलेल्या पक्क्या बिलांची फाइल जाणकार गिऱ्हाइकाला तितकीच पटते. कच्च्या पावत्यांची नाही, म्हणून मिस्त्रींकडून बिल मागून घ्या.

गॅरेज निवडताना मी बोर्ड पाहत नाही. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळतात का ते पाहतो. काढलेले जुने भाग न मागता डिकीत ठेवतात का, एस्टिमेट सांगायच्या आधी गाडी चालवून पाहतात का, तेही पाहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न येणाऱ्या कामाला नाही म्हणतात का. वारज्याच्या मिस्त्रींवर माझा भरवसा बसला तो एका चावीमुळं. कोडिंगचं विचारलं तर म्हणाले, "ह्याला कंपनीतच न्या, साहेब. मी खटपट केली तर गाडी लॉक होईल."

भाच्याने एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. ती गाडी आणखी दोन वर्षं कंपनीतच जाईल. पण घरात ताईची 2013 ची साधी पेट्रोल गाडीही आहे, तिच्यासाठी त्याने सातपूरला एक गॅरेज शोधलं. पहिलं काम ब्रेक ऑइलचं सांगितलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला. रात्री त्याने फोटो पाठवला: पारदर्शक बाटलीत नळीतून उतरलेलं, कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल. खाली लिहिलं होतं, "मामा, आई गेल्या रविवारी हीच गाडी घेऊन सप्तशृंगगडावर जाऊन आली."