सान कॅलिस्टोची फेरी: उतरण्याआधी कॅलिक्स्टस कोण ते वाचा

रोमच्या व्हिया आपिया आंतिका रस्त्यावरची सान कॅलिस्टो ही भुयारी दफनभूमी पाहण्यासारखी आहेच. पाचपैकी चार तारे. एक तारा कमी केला, कारण ज्याचं नाव या जागेला मिळालं त्या माणसाची गोष्ट फेरीत हाताला लागत नाही. फेरी कबरींच्या क्रमाने जाते आणि पोप संत कॅलिक्स्टस यांची कबर इथे नाही. ते व्हिया ऑरेलियावर पुरले गेले. पुढे त्यांचे अवशेष त्रास्तेव्हेरेच्या सांता मारिया चर्चमध्ये आले. देवाच्या दयेबद्दल काही समजून घ्यायला जाणाऱ्या भाविकाने म्हणूनच तयारी घरूनच करावी.

कॅलिक्स्टस मूळचे गुलाम. मालकाने पेढी सांभाळायला दिली, ठेवीदारांचे पैसे बुडाले, ते पळाले, पकडले गेले आणि पुढे सार्डिनियाच्या खाणींत सक्तमजुरीला गेले. सम्राट कोमोडसची सहचरी मार्सिया हिच्या मध्यस्थीने तिथल्या ख्रिस्ती कैद्यांची सुटका झाली, त्यांत तेही सुटले. पोप झेफिरिनस यांनी त्यांना डीकन (धर्मगुरूंच्या खालचा सेवक) करून हीच दफनभूमी सांभाळायला दिली. इ.स. २१७च्या सुमारास ते स्वतः पोप झाले आणि २२२ मध्ये मारले गेले. जमावाने विहिरीत फेकलं ही परंपरेने आलेली कथा. चौथ्या शतकातल्या रोमच्या रक्तसाक्षींच्या (श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्यांच्या) यादीत मात्र त्यांचं नाव आहे.

त्यांच्या आयुष्याबद्दलची ही माहिती मुख्यतः हिप्पोलिटस या त्यांच्या कडव्या विरोधकाच्या लेखनातून येते, म्हणून ती जपून वाचावी. पण आरोप काय होते ते बघा: व्यभिचारासारखं गंभीर पाप केलेल्यांना प्रायश्चित्तानंतर मंडळीत (चर्चमध्ये) परत घेतात, स्वतंत्र घरच्या स्त्रीने गुलामाशी केलेला विवाह मान्य करतात. कॅलिक्स्टस यांची उत्तरंही त्याच लेखनात सापडतात. निदण (शेतातलं तण) कापणीपर्यंत गव्हाबरोबर वाढू द्या, हा प्रभूचा दाखला. दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण, हा प्रेषित पौलाचा सवाल. आणि नोहाचं तारू, ज्यात शुद्ध-अशुद्ध सगळे प्राणी होते. यात पाप क्षुल्लक ठरवलेलं नाही. प्रायश्चित्त करावंच लागे. दार कायमचं बंद करायचं की नाही, एवढाच वाद होता. स्वतः बेड्या भोगलेल्या माणसाने ते उघडं ठेवलं, ही मला या जागेची सर्वांत मोठी शिकवण वाटते.

आता खाली उतरल्यावर काय बघायचं. पोपांच्या दालनात तिसऱ्या शतकातले नऊ पोप पुरले होते. त्यांतल्या पाचांची ग्रीक अक्षरांत कोरलेली नावं दिसतात. गर्दी संत सेसिलियाच्या मूर्तीकडे सरकते (ती शिल्पकार मादेर्नोच्या मूर्तीची प्रत आहे), पण आधी पोप पोंतियन यांची शिळा शोधा. २३५ मध्ये पोंतियन आणि हिप्पोलिटस दोघांनाही सार्डिनियालाच हद्दपार केलं. परंपरा सांगते की तिथे हिप्पोलिटस यांचा मंडळीशी समेट झाला. दोघेही तिथेच मरण पावले आणि दोघांचा सण १३ ऑगस्टला एकत्रच येतो. दया नाकारणाऱ्यालाही मंडळीने रक्तसाक्षी म्हणून मान दिला, हे या शिळेसमोर उभं राहून आठवावं.

पुढच्या संस्कारांच्या खोल्यांत बाप्तिस्मा, भाकरी आणि योना यांची चित्रं आहेत. संदेष्टा योनाकडे बघताना निनवे शहर विसरू नका: देवाने त्या शहरावर दया केली म्हणून संदेष्टाच रुसला होता. खांद्यावर मेंढरू घेतलेला उत्तम मेंढपाळ लुसीनाच्या भागात आहे, पण तो नेहमीच्या फेरीत येत नाही. त्याच काळात उत्तर आफ्रिकेत ख्रिस्ती लेखक टर्टुलियन चषकावरच्या मेंढपाळाच्या चित्रावर चिडून लिहीत होते, कारण लोक त्यातून पाप्याला माफी मिळते असा अर्थ काढत.

भुयारं चार पातळ्यांवर, एकूण सुमारे २० किलोमीटर. आपण त्यातला लहानसा भाग पाहतो, साधारण पाऊणएक तासात. दगड ज्वालामुखीचा तुफा: खोदताना मऊ, हवा लागली की कडक होतो, म्हणूनच हे शक्य झालं. हाडं दिसत नाहीत. त्या अपेक्षेने येणारे निराश होतात. आत १५-१६ अंश आणि दमट, त्यामुळे जुलैतही पातळ स्वेटर हवा. जिने उभे आहेत, व्हीलचेअर जात नाही, आणि बंद जागेची भीती असणाऱ्याने वरच थांबावं, कारण मधूनच एकट्याने परत फिरता येत नाही. फोटो काढायला बंदी आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

सर्वांत जास्त फजिती वाराची होते: बुधवारी बंद. हिवाळ्यात, जानेवारीअखेरपासून, काही आठवडेही बंद असते, तेव्हा तारीख आधी तपासा. दुपारी जेवणाची सुटी असते. शेजारीच सान सेबास्तियानो ही दुसरी भुयारी दफनभूमी आहे, तिकीट काढण्यापूर्वी पाटी वाचा. ११८ नंबरची बस दारापर्यंत येते. चालत येणाऱ्यांनी क्वो वादिस चर्चपासून आपियाच्या कडेने येऊ नये, तिथे पदपथ नाही आणि गाड्या अंगावर येतात. चर्चजवळून फुटणारा, आवारातून जाणारा सायप्रसचा रस्ता घ्यावा (तोही बुधवारी बंद).

मार्गदर्शन इंग्रजी, इटालियन वगैरे भाषांत मिळतं, मराठीत नाही. वसई-मुंबईहून धर्मगुरूंसह येणाऱ्या गटांनी आधी नोंदणी केली तर खाली मिस्सा अर्पण करता येते. त्या दिवशी निदणाचा दाखला (मत्तय १३) वाचायला घ्यावा. संध्याकाळ मोकळी असेल तर ती त्रास्तेव्हेरेच्या सांता मारियासाठी ठेवा.